सावरखेडचा नंबर

"यात तुम्हाला काहीच करायचं नाही, काका," देवधर म्हणाले. "नुसतं बघायचं."

"नुसतं बघायला मी निवृत्त झालेलोच आहे," आप्पा म्हणाले.

मला फस्सकन हसू आलं. माझ्या नवऱ्यानं, प्रसन्ननं, माझ्याकडे असं बघितलं की मी ते पदरात लपवलं. पुण्यातलं देवधरांचं ते खेळण्यातल्या रेल्वेगाड्यांचं दुकान. काउंटरवर लांबलचक रूळ मांडलेले, त्यावर दोन इंजिनं समोरासमोर येत होती आणि धडकायच्या आत आपली आपण थांबत होती. शेजारच्या पडद्यावर हिरवे-तांबडे ठिपके पळत होते. खोटं कशाला बोलू, मी पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, तरी मीसुद्धा बघतच राहिले होते.

आप्पा म्हणजे माझे सासरे, दत्तात्रय कवठेकर. अख्खी नोकरी छोट्या गाडीच्या, म्हणजे नॅरोगेजच्या लाईनवर स्टेशनमास्तर म्हणून केली. ते निवृत्त झाले, लाईनही ब्रॉडगेज झाली, जुने रूळ उखडले गेले. तर या गृहस्थांनी मिरजेच्या घरी गच्चीवरच्या खोलीत ती लाईन पुन्हा घातली! भिंतीपासून भिंतीपर्यंत टेबलं. या टोकाला सावरखेड, त्या टोकाला बोरजाई, मध्ये प्लास्टरचा डोंगर आणि डोंगरात बोगदा. झाडं भांडी घासायच्या काथ्याची. त्या खोलीला आम्ही घरात 'डिव्हिजन' म्हणायचो. "आप्पा डिव्हिजनला गेलेत" म्हटलं की चहा वर न्यायचा.

पण त्या लाईनवर एका वेळी एकच गाडी चालायची. जुन्या पद्धतीत रुळात वीज सोडली की रुळावर असेल ते इंजिन पळायला लागतं; दोन ठेवली तर दोन्ही एकदम पळतात. डिजिटलमध्ये तसं नाही. रुळात वीज कायम असते, पण प्रत्येक इंजिनाच्या पोटात नखाएवढी चिप बसवतात, तिला स्वतःचा क्रमांक असतो आणि ते इंजिन फक्त आपल्या क्रमांकाला आलेला हुकूम ऐकतं. आप्पांना ते हवं होतं. आणि लवकर हवं होतं, कारण त्यांच्या उजव्या हाताला कंपवात झाला होता. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. गोळ्यांनी तो सावकाश वाढेल, थांबणार नाही.

"खंडेनवमीला दोन्ही स्टेशनं चालू झाली पाहिजेत," आप्पांनी गणपतीतच जाहीर केलं होतं. "पुढच्या वर्षीचा भरवसा या हाताला नाही."

म्हणून आम्ही पुण्याला आलो होतो. देवधरांनी दोन पद्धती काढून ठेवल्या होत्या. एक ही पडद्याची. गाडी सोडणं, थांबवणं, एकीला वाट देऊन दुसरीला अडवणं, सगळं आतला कॉम्प्युटर करणार. दुसरी अगदी साधी: एक खोका आणि वायरला लावलेले दोन हँडसेट, प्रत्येकावर एक फिरवायचं बटण. ज्याच्या हातात हँडसेट त्यानं आपली गाडी हाकायची.

"पण हिच्यात टक्कर टळायची सोय नाही," देवधर म्हणाले. "ते बघायचं काम माणसाचं."

आप्पा पडद्याच्या जवळ सरकले. त्यांचा हात काउंटरच्या काचेवर टकटक वाजत होता, तो त्यांनी दुसऱ्या हातानं दाबून धरला.

"गाडी स्टेशनात आली हे याला कळतं कसं हो?"

"इंजिन त्या रुळावर आलं की करंट ओढतं. लगेच कळतं!"

"लगेच?"

"लगेच, काका. डोळ्याचं पातं लवायच्या आत."

"आणि शेवटचा डबा?"

देवधर भला माणूस. उगाच फेकाफेकी केली नाही. "डबा करंट ओढत नाही," ते म्हणाले. "त्यामुळे मागे एखादा डबा सुटून राहिला तर याला पत्ता लागत नाही. पण शेवटच्या डब्याला वेगळी चाकं बसवली की तेही कळेल. मी बसवून देतो."

"म्हणजे सोय होते?"

"होते की."

"फार छान यंत्र आहे," आप्पा म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. पडद्यावरून त्यांनी घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला. "मला ते दुसरं द्या."

परतीच्या वाटेवर गाडीत जे रामायण झालं ते काय सांगू! साताऱ्याजवळ प्रसन्न फुटला.

"आप्पा, स्वतःचा हात बघितलाय का? चहाचा कप धरताना सांडतो. बटण फिरवणार तुम्ही?"

"फिरवीन."

"अहो, पण आपोआप चालणारं मिळत असताना कशासाठी?"

"आपोआप चाललेली गाडी माझी नव्हे."

"ह्याला हट्ट म्हणतात."

"म्हण," आप्पा म्हणाले आणि मान मागे टेकून झोपले. झोपले कसले, डोळे मिटून घेतले. म्हातारा पक्का वस्ताद होता.

मला मात्र त्या हातानं पेच घातला. पुढचे काही दिवस मी कॉलेजातून आले की डिव्हिजनलाच असायची. इंजिनं उघडून चिपा बसवल्या. त्या चिपेत एक सेटिंग असतं: हुकूम आला तरी इंजिनानं एकदम उसळायचं नाही, खऱ्या गाडीसारखा हळूहळू वेग धरायचा. ते मी भरपूर वाढवलं. मग माळ्यावरच्या जुन्या रेडिओचं भलंमोठं काळं बटण काढून आप्पांच्या हँडसेटवर बसवलं, म्हणजे बोटांच्या चिमटीऐवजी अख्ख्या मुठीत धरता येईल.

"धरा आता."

त्यांनी धरलं. हात थरथरत होता, बटण थरथरत होतं. आणि रुळावरचं इंजिन मात्र तुपातून सुरी फिरावी तसं मऊ निघालं आणि बोगद्यात शिरलं.

आप्पांनी इंजिनाकडे बघितलं, मग हाताकडे. "वृंदा," ते म्हणाले, "अगं, हात माझा हलतोय आणि गाडी नाही हलत!"

"मग! सून कुणाची आहे?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माझ्याही आलं, पण मी सोल्डरच्या धुराचं निमित्त केलं.

राहिला दुसरा हँडसेट. त्या संध्याकाळी जेवताना मी सहज विचारलं, "बोरजाईला कोण बसणार? मी की प्रसन्न?"

"दोघंही नाही," आप्पा म्हणाले. "दस्तगीर बसेल."

प्रसन्नचा घास हातातच राहिला.

दस्तगीर मुजावर हे नाव आमच्या घरात निघत नसे. मला लग्नानंतर इकडून तिकडून कळलं होतं ते इतकंच, की आप्पा सावरखेडला होते तेव्हा ते बोरजाईला होते, दोघांची अगदी जिवाभावाची दोस्ती होती आणि एका चौकशीत ते आप्पांच्या विरोधात बोलले.

"त्या माणसाला घरात आणणार?" प्रसन्नचा आवाज चढला. "त्याच्या साक्षीनं तुमचं प्रमोशन गेलं. लाईनच्या शेवटच्या टोकाला फेकलं आपल्याला. आईनं तिथे काय काय सोसलं, विसरलात?"

"तुझी आई विसरली नाही. मीही नाही."

"मग?"

"बोरजाईला माणूस नाही," आप्पा म्हणाले, आणि ताकाची वाटी दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावली.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून मी त्यांना घेऊन गेले. दस्तगीरचाचांचं घर स्टेशनच्या पलीकडच्या अंगाला. ते ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. उंच, वाळके, दाढी पांढरीशुभ्र. आप्पांना काठी टेकत येताना बघून ते उठले नाहीत, बसून राहिले. मग एकदम उठले तशा मांडीवरच्या शेंगा भसकन खाली सांडल्या.

"कवठेकर? तुम्ही?"

"बसू का?"

"बसा की. विचारायचं काय त्यात."

चाचांनी शेंगा गोळा केल्या, फोडलेले दाणे एका ताटलीत घालून माझ्यापुढे सरकवले. आप्पांनी पिशवीतून दुसरा हँडसेट काढला आणि त्यांच्या हातात ठेवला.

"हे काय?"

"मी आपली लाईन घातलीय घरात. लहान. सावरखेड ते बोरजाई. खंडेनवमीला दोन गाड्या सोडायच्यात. बोरजाईला माणूस नाही."

चाचांनी हँडसेट उलटासुलटा केला. "दुसरा कुणी मिळाला नाही?"

"विचारला नाही."

"मी तेव्हा काय बोललो, ध्यानात आहे न्हवं तुमच्या?"

"शब्द न् शब्द."

"आणि तरी आलात?"

"म्हणून आलो," आप्पा म्हणाले. "दुपारची वेळ ठेवलीय. पूजा झाली की."

चाचा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. हँडसेट मात्र त्यांच्या हातातच राहिला.

रिक्षात बसल्यावर मला राहवेना. "आप्पा, नेमकं झालं काय होतं?"

त्यांनी रिक्षाच्या घरघरीतच सांगितलं, बाहेर बघत. एका स्टेशनातून सुटलेली गाडी पुढच्या स्टेशनात पूर्ण पोचल्याशिवाय मागून दुसरी सोडायची नाही, हा रेल्वेचा पहिला नियम. गाडी पूर्ण आली हे कशावरून? तर शेवटच्या डब्याला एक लाल पाटी असते. मास्तरनं बाहेर जाऊन ती डोळ्यांनी बघायची, मगच मागच्या स्टेशनला फोनवर कळवायचं आणि सोबत एक आकडा सांगायचा. हा प्रायव्हेट नंबर. प्रत्येक मास्तरकडे असल्या गुप्त आकड्यांचा कागद असतो. नंबर दिला म्हणजे शब्द दिला. उद्या काही झालं तर मान माझी.

"त्या दिवशी मालगाडी आली. गार्ड ओळखीचा, इंजिन ओळखीचं. दस्तगीरचा फोन आला, पूर्ण आली का? मी खुर्चीतनं उठलोच नाही. म्हटलं आली, आणि नंबर दिला. शेवटचा डबा सुटून मागं चढावर राहिला होता गं. दस्तगीरनं माझ्या शब्दावर पॅसेंजर सोडली."

मी विचारलं, "मग?"

"ड्रायव्हरला लांबून दिसला डबा. थांबवली. माणसाला खरचटलंसुद्धा नाही. पण चौकशी झाली. सगळे मला म्हणाले, सांगा, मी बाहेर जाऊन पाटी बघून आलो होतो, कुणीतरी पाटी चुकीच्या डब्याला लावली असेल. निभावून जाईल. साहेबांनी दस्तगीरला एवढंच विचारलं, तुम्ही नंबर मागितल्यावर तो मिळायला किती वेळ लागला? थोडा वेळ लागला, एवढं म्हणाला असता तर मी पाटी बघून आलो असं ठरून सुटलो असतो."

"काय म्हणाले ते?"

"लगेच दिला, म्हणाला."

मिशन हॉस्पिटलच्या कोपऱ्यावर रिक्षा वळली. मग आप्पा म्हणाले, "खरं तेच बोलला. पण त्यानंतर तो माझ्या दारात आला नाही. त्याला वाटलं, मला राग आला. आणि मला त्याला तोंड दाखवायची लाज वाटली. असं करत म्हातारे झालो."

खंडेनवमीला मी डिव्हिजनमध्ये इंजिनं ओळीनं मांडली, सोल्डरिंगची कांडी, पकडी, खोका, हँडसेट, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं वाहिली. प्रसन्न हाताची घडी घालून भिंतीला टेकून उभा. आप्पा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून सावरखेडच्या स्टुलावर. दुपार कलायला लागली. बोरजाईचं स्टूल रिकामंच होतं.

"आप्पा, मी बसू का तिकडे?" मी हळूच म्हटलं.

"थांब."

"ते येणार नाहीत," प्रसन्न म्हणाला.

जिन्यावर पावलं वाजली. दस्तगीरचाचा दारात उभे, तेही पांढऱ्या शर्टात, हँडसेट रुमालात बांधून आणलेला. चपला काढून ते आत आले आणि टेबलाकडे बघून जे थबकले! काथ्याची झाडं, डोंगर, बोगदा. बोरजाईच्या स्टेशनाशी वाकून त्यांनी बोट लावलं. "हौद पण केलाय की," ते पुटपुटले. "आणि हौदाची चीर बी."

मध्ये डोंगर होता, त्यामुळे स्टुलावर बसलं की एका टोकावरून दुसरं दिसत नसे. आप्पांनी मुद्दामच तसं केलेलं. दोन्ही टोकांना मी जुने टेलिफोन जोडून दिले होते. आता एका खोलीतल्या दोन माणसांना फोन कशाला, आवाज नुसताही ऐकू जात होता. पण नियम म्हणजे नियम! प्रसन्न आप्पांच्या बाजूला राहिला, मी चाचांच्या.

पहिली गाडी आप्पांनी हाकली. डब्यांची माळ सावकाश डोंगराआडून आली आणि बोरजाईच्या फलाटाला मऊ टेकली. चाचा माझ्याकडे बघून म्हणाले, "हात थरथरतो न्हवं त्यांचा?"

"थरथरतो."

"वा रे सावरखेड," ते म्हणाले.

मग बोरजाईहून चाचांनी मालगाडी सोडली, तिच्यामागून पॅसेंजर जायची होती. मालगाडी बोगद्यात शिरू लागली आणि मी बघितलं: शेवटचा डबा, छोटी लाल पाटी लावलेला, वळणावर हिसका बसून सुटला. बोगद्याच्या तोंडाशी, आमच्या बाजूला, तो एकटाच उभा राहिला. बाकीची गाडी पुढे निघून गेली.

मी तोंड उघडलं. चाचांनी पंजा वर केला. बोलायचं नाही.

"पण चाचा..."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. पलीकडे इंजिन सावरखेडला पोचून थांबल्याचा आवाज आला. चाचांनी फोन उचलला, पलीकडे घंटी वाजली.

"सावरखेड."

"बोरजाई बोलतोय. मालगाडी पूर्ण आली का? पॅसेंजर सोडायची आहे. नंबर द्या."

डोंगरापलीकडून प्रसन्नचा आवाज आला, "आली की आप्पा. समोर तर उभी आहे. द्या नंबर."

मी देवाचं नाव घेतलं. खरंच घेतलं. पलीकडून काहीच येईना. चाचांनी रिसीव्हर कानाशी इतका घट्ट धरला होता की बोटांची पेरं उठून दिसत होती. डोळे मिटलेले.

मग स्टूल सरकलं. काठी टेकल्याचा आवाज आला, पुन्हा आला. सावरखेडचा फलाट लांब केला होता आप्पांनी, टेबलाच्या कडेकडेनं पार खिडकीपर्यंत. ते तेवढं चालत होते. "आप्पा, कशाला उठताय, मी बघतो ना," प्रसन्न म्हणाला. "तू नाही," आप्पा म्हणाले. काठी थांबली. त्यांनी वाकताना टेबल धरलं असणार, कारण आमच्या बाजूची काथ्याची झाडं बारीक हलायला लागली. कितीतरी वेळ हलत राहिली. मग काठी पुन्हा टेकत टेकत परत आली. स्टूल वाजलं. धाप लागलेला आवाज फोनवर आला.

"बोरजाई."

"बोला सावरखेड."

"शेवटच्या डब्याची पाटी दिसत नाही. गाडी अपुरी आहे. नंबर मिळणार नाही."

चाचांनी रिसीव्हर खाली ठेवला नाही, तो छातीशी धरला, आणि तो वाळका, उंच म्हातारा पोरासारखा रडायला लागला.

प्रसन्न वळसा घालून धावत आला. बोगद्याच्या तोंडाशी उभा असलेला डबा त्यानं बघितला, मग चाचांकडे बघितलं. "चाचा, हा तुम्हाला इथून दिसत होता?"

"व्हय."

"मग सांगितलं का नाही?"

"मी विचारलं होतं बाळ," चाचा म्हणाले. "उत्तर सावरखेडनं द्यायचं असतं."

पुण्याच्या दुकानापासून प्रसन्नच्या तोंडावर जो राग होता तो कुठे गेला कोण जाणे. त्यानं डबा उचलायला हात पुढे केला, तेवढ्यात डोंगरापलीकडून गर्जना आली, "हात लावायचा नाही! इंजिन येऊन नेईल!"

तसंच झालं. आप्पांनी थरथरत्या मुठीनं इंजिन परत पाठवलं, चाचांनी डबा जोडून दिला, गाडी सावरखेडला गेली, आप्पा पुन्हा उठले, पुन्हा फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेले, आणि मग फोनवर नंबर आला: सत्तेचाळीस. चाचांनी तो मोठ्यानं म्हणून घेतला आणि पॅसेंजर सोडली.

नंतर मी चहा वर आणला, तेव्हा दोघं डोंगरासमोर मधोमध एका बाकावर बसले होते. आप्पांचा कप दस्तगीरचाचांनी खालून धरला होता, सांडू नये म्हणून.

आप्पा त्यानंतर फार वर्षं नव्हते. शेवटी शेवटी त्यांना स्टुलावर बसवेना, तरी दर खंडेनवमीला चाचा यायचे आणि प्रसन्न बोरजाईला त्यांच्या शेजारी बसायचा. पण त्या सगळ्यातलं मला आठवतं ते त्या दिवशीचं चहाच्या वेळचं बोलणं.

"दस्तगीर," आप्पा म्हणाले, "आज नंबर द्यायला फार वेळ लावला रे मी."

"लावलास की," चाचा म्हणाले. "आता कुणी विचारलं तर सांगीन. लगेच नाही दिला."